धृतराष्ट्राची बातमी आणि आपली पोथी



आमचे आंधळगाव भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात आहे. हे विणकरांचे गाव. कोशाच्या कापडासाठी त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे. दिंडीत परगावचे वारकरी भेटले म्हणजे गावाचे नाव ऐकून थट्टा करतात, "काय बुवा, आंधळ्यांच्या गावात कीर्तन कोणाला दाखवता?" आम्ही म्हणतो, बाबांनो, कीर्तन दाखवायचे नसतेच, ऐकवायचे असते, तेव्हा आमचे गाव कीर्तनाला सोयीचेच म्हणायचे! पण थट्टा राहू द्या. आजचा आमचा विषय पाहण्याचाच आहे. डोळ्यांनी काय पाहावे, किती पाहावे, आणि पाहता पाहता मनुष्य आंधळा कसा होतो, याचा थोडा विचार तुमच्यासमोर ठेवायचा आहे.

सूर्य मावळला, तुळशीपुढे दिवा लागला, हातपाय धुऊन मंडळी देवापुढे बसली आणि हरिपाठ सुरू झाला, ही आपल्या घरांची जुनी रीत. दिवसभर मागावर बसलेला माणूस त्या वेळी पाय मोकळे करी आणि टाळ हाती घेई. आता नेमक्या त्याच वेळी घराघरांत टीव्हीच्या बातम्या लागतात. दिवा अजून लागतो, नाही असे नाही. पण लावणाऱ्या मायबाईचा एक डोळा वातीवर आणि एक डोळा पडद्यावर असतो. भजनाला उशिरा आलेल्या बाबाजींना विचारावे, "आज वेळ झाला?" तर म्हणतात, "बातम्या पायत होतो जी. लय मोठी भानगड झाली म्हणतेत." कुठे झाली? दिल्लीला. काय झाली? ते मात्र नीट सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी भानगड दुसरी असते आणि कालची कोणाला आठवतही नाही.

हे आम्ही कोणाला हिणवण्यासाठी सांगत नाही. पण परिणाम पाहा. म्हाताऱ्या माणसांची झोप उडाली. ज्यांच्याशी जन्मभर देणेघेणे राहिले, त्या शेजाऱ्यांविषयी मनात कारण नसताना शंका उभी राहिली. एका टाळावर नाचणारे दोघे भजनी, एक ह्या पक्षाचा आणि एक त्या पक्षाचा म्हणून एकमेकांच्या पाया पडायला कचरू लागले. वारकऱ्याची ओळखच मुळी समोरच्याच्या पाया पडण्यात आहे. ती जर जाऊ लागली, तर गळ्यातली माळ नुसती लाकडाची राहील. म्हणून हा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आता गीतेकडे चला. गीता सुरू कशी होते? बातमी विचारण्याने. राजवाड्यात बसलेला आंधळा राजा धृतराष्ट्र संजयाला विचारतो की माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी रणात काय केले. व्यासमहर्षींनी त्याला दृष्टी देऊ केली होती. पण कुळाचा संहार पाहवणार नाही म्हणून त्याने ती नाकारली, आणि दिव्यदृष्टी संजयाला मिळाली. म्हणजे आपल्या परंपरेतला बातमीदार संजय, आणि बातम्यांचा पहिला श्रोता धृतराष्ट्र! त्याला बातमीदार तरी कसा मिळाला? खोटे न बोलणारा, दोन्ही बाजूंचे सांगणारा, प्रत्यक्ष व्यासांच्या कृपेचा. असा बातमीदार आज शोधून सापडणार नाही. आणि बातमी कोणती? साक्षात भगवंताच्या मुखातला उपदेश.

मग धृतराष्ट्राला त्याचा लाभ काय झाला? नवव्या अध्यायाच्या अखेरीस माउलींनी मोठे मार्मिक चित्र काढले आहे. भक्तीचे रहस्य सांगता सांगता संजयाला अष्टसात्त्विक भाव दाटले, देहभान राहिले नाही. आणि म्हातारा राजा मात्र स्वस्थ बसून आहे, पुराच्या पाण्यात म्हैस निवांत बसून राहावी तसा. आम्ही वैनगंगेच्या मुलखातली माणसे. पाण्यातली म्हैस आम्हाला वेगळी समजावून सांगायला नको. नदी वाढते आहे, काठचे लोक ओरडत आहेत, आणि ही आपली डोळे मिटून रवंथ करते आहे! धृतराष्ट्राला उपदेश नको होता. त्याला एवढेच हवे होते की माझे मूल जिंकते की हरते. तेच अठरा अध्याय अर्जुनाने ऐकले, त्याचा मोह गेला आणि तो आपल्या कर्तव्याला उभा राहिला. धृतराष्ट्राने ऐकले आणि तो होता तिथेच राहिला. शब्द तेच, एकाने आचरणासाठी ऐकले, दुसऱ्याने निकालासाठी.

सज्जनहो, आपण रोज सायंकाळी टीव्हीपुढे बसतो ते अर्जुनाच्या आसनावर की धृतराष्ट्राच्या, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. कोण जिंकले, कोण पडले, कोणी कोणाला काय म्हटले; आणि हे ऐकून उठल्यावर आपल्या हातून कोणते कर्म घडते? बहुतेक काहीच नाही. ज्या ऐकण्यातून कर्म निघत नाही आणि नामही निघत नाही, ते ऐकणे चित्तात सडते. त्यातून भय निघते, नाहीतर क्रोध निघतो.

आता हे यंत्र चालते कसे, तेही समजून घ्यावे. भारतात दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाली. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी बातम्यांची वेळ ठरलेली असे. निवेदक शांतपणे वाचून दाखवी, बातम्या संपत, आणि माणूस उठून जेवायला बसे. बातम्यांना शेवट होता. पुढे खाजगी वाहिन्या आल्या, आणि २००७ साली मराठीतही चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या सुरू झाल्या. आता विचार करा, दुकान चोवीस तास उघडे ठेवायचे म्हणजे माल चोवीस तासांचा पाहिजे. जगात घडामोडी पुष्कळ असतात. पण त्या नीट शोधून, पारखून आणायच्या तर माणसे लागतात, वेळ लागतो, पैसा लागतो. त्यापेक्षा चार माणसे समोरासमोर बसवून भांडायला लावणे स्वस्त. म्हणून एकच चित्र पुन्हा पुन्हा फिरते, एकच वाक्य तांबड्या पट्टीवर धावते, आणि रिकामी जागा कलहाने भरून निघते. मधे मधे जाहिराती असतात. आपण उठून जाऊ नये एवढीच काळजी असते, कारण आपले बसून राहणे हेच तिथे विकले जाते. प्रामाणिकपणे काम करणारे बातमीदार आजही आहेत, त्यांना आमचा नमस्कार. पण दुकानाची रीत अशी आहे, हे गिऱ्हाइकाने ओळखून असावे.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, मग जगाचे काही कळूच द्यायचे नाही का? वारकऱ्याने डोळे मिटून बसायचे?" प्रश्न योग्य आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी बातमी पाहिजेच. धरणाची किती दारे उघडली, पाणी कोठवर येईल, कोणत्या रस्त्याने जावे, हे वेळेवर कळले तर जीव वाचतो. पण ही बातमी दोन मिनिटांची असते आणि ती ऐकताच मनुष्य उठून कामाला लागतो. गुरे सोडतो, म्हाताऱ्यांना उचलतो, धान्य वर ठेवतो. जी बातमी माणसाला उठवते ती कामाची. जी बसवून ठेवते तिच्याविषयी आम्ही बोलत आहोत.

दुसरी गोष्ट सांगताना मन जड होते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बालके गेली. साऱ्या देशाने त्या दिवशी भंडाऱ्याचे नाव ऐकले. ती वार्ता कळायला हवीच होती. अशी वार्ता कळते म्हणून चौकशी होते, मदत पोहोचते, आणि पुढे कुठे काळजी घेतली जाते. बातमीचे हे उपकार नाकारू नयेत. पण कळण्याला एक क्षण लागतो. तेच चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा डोळ्यांत पाणी आले. दहाव्यांदा पाहिले तेव्हा पाणी आटले. आणि चाळिसाव्यांदा आपण भाकरीचा तुकडा मोडत मोडत पाहिले. करुणा अशी पाहून पाहून झिजते. त्या आयांची कूस रिकामी झाली, तिला आपल्या पाहण्याने काय मिळाले? अशा दुःखाच्या दारी जाऊन चार घटका बसणारा, बाळंतिणीला दोन घास भरवणारा, आपल्या गावच्या दवाखान्यात विजेची तार नीट आहे का म्हणून विचारणारा मनुष्य पाहिजे. तो पडद्यासमोर तयार होत नाही.

तो तयार कुठे होतो, ते संतांच्या चरित्रात पाहावे. तुकोबारायांच्या काळी शके १५५२ च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळाची बातमी त्यांना कोणी सांगायला नको होती. तो त्यांच्या घरात शिरला होता. पहिली बायको अन्नावाचून गेली. अशा माणसाने काय केले? चरित्रकार सांगतात की सावकारीची कर्जखते घेऊन, भावाचा वाटा भावाला देऊन, आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत टाकली. आणि भंडारा डोंगरावर जाऊन पूर्वीच्या संतांची वचने पाठ केली. हेही लक्षात ठेवा की आधी अभ्यास झाला, मग अभंग आले. जगाचे दुःख त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक होते. पण त्या दुःखाशी वागायचे कसे, हे त्यांनी ग्रंथांपाशी बसून शिकून घेतले.

आमच्या विदर्भाचेच उदाहरण घ्या. माधानचे श्रीगुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टीला मुकले. डोळ्यांपुढे कायमचा अंधार. पण त्यांनी दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले, एकदा ऐकलेले मनात साठवले, आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवून शंभरावर ग्रंथ रचले. १८८१ ते १९१५, अवघे ३४ वर्षांचे आयुष्य! लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. आता हे दोन आंधळे शेजारी बसवून पाहा. धृतराष्ट्राने संजयाकडून बातमी ऐकली, गुलाबराव महाराजांनी शिष्यांकडून पोथी ऐकली. दोघांनाही कानच होते. पण एकाचे कान राज्याकडे लागले होते, दुसऱ्याचे माउलीकडे. आम्ही आंधळगावकर आहोत. आंधळेपण कोणते पत्करायचे, हे आमचे आम्ही ठरवले पाहिजे. तुमच्याही गावाला हाच प्रश्न आहे, नाव काही का असेना.

वारकरी संप्रदाय हा मुळी ग्रंथांचा संप्रदाय आहे. शके १२१२ मध्ये नेवाशास माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तो कोणासाठी? ज्यांना संस्कृताचे दार बंद होते त्यांच्यासाठी, तुमच्याआमच्यासाठी. पुढे त्या ग्रंथात पाठभेद शिरले, तेव्हा नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये तो शुद्ध करून दिला. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, ती पोरांनी ग्रंथ नीट वाचावेत, समजून सांगावेत म्हणून. सोनोपंत दांडेकरांनी १९५३ मध्ये सार्थ ज्ञानेश्वरी दिली, ती अर्थ अडू नये म्हणून. एवढ्या जणांनी आपल्या हातापर्यंत आणून दिलेली पोथी आपण कापडात बांधून वर्षाला एकदा सप्ताहात सोडतो आणि बाकीचे दिवस तिला फुले वाहतो. पोथीला फुलांपेक्षा वाचणारा माणूस अधिक आवडेल.

आता हिशेब मांडू. वारकरी हिशेबाला भीत नाही, तुकोबा वाणीच होते! रोज दोन तास बातम्या पाहिल्या तर वर्षाचे ७३० तास होतात. म्हणजे पूर्ण तीस दिवस आणि तीस रात्री. माउलींची पालखी आळंदीहून पंढरीला पोहोचायला वीसेक दिवस लागतात. त्याहून जास्त काळ आपण पडद्यापुढे अडकून पडतो आणि पोहोचत कुठेच नाही. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. रोज २५ वाचल्या तर वर्षाच्या आत ग्रंथ पुरा होतो. गाथ्यात अभंग साडेचार हजारांवर. रोज १३ म्हटले तर वर्षभरात गाथा होतो. २५ ओव्या अर्थासह वाचायला अर्धा तास पुरे. बाकीचा दीड तास हरिपाठाला, मुलांना आणि झोपेला.

विणकर बंधूंना हे अधिक लवकर पटेल. मागावर बसलेल्याची नजर धाग्यावर असते. तार तुटली की त्याला कळते. तो हात थांबवतो, गाठ मारतो आणि मग धोटा टाकतो. नजर ढळली तर तुटकी तार तशीच पुढे जाते आणि दोष कापडात कायमचा राहतो. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावरचा कोसा उकडून त्यातून धागा ओढतात, तेव्हा घाई केली तर तो तुटतो. ग्रंथवाचन असेच आहे. एक ओवी दुसरीला जोडून येते, आजचे उद्याला जोडले जाते, आणि वर्षाअखेरीस अंगावर घालण्याजोगे काही तयार होते. बातम्यांचे तसे नाही. त्या कापडाच्या कात्रणांसारख्या. रंगीत असतात, ढीगही मोठा होतो, पण थंडीत पांघरायला त्यातले काही कामाला येत नाही.

हे एकट्याने जमत नसेल तर गावाने करावे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या गावाने ठरवले की रोज सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. त्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, घरच्यांनी एकमेकांशी बोलायचे. पोलिसांचा बंदोबस्त नाही, सरकारचा हुकूम नाही, गावाचा शब्द. सातार्‍याकडे पाचगणीजवळ भिलार हे गाव २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे. तिथे घरांतून आणि देवळांतून पुस्तके मांडली आहेत आणि कोणीही जाऊन वाचत बसावे. देवळाचा भोंगा आजवर आपण काकड्याला आणि हरिपाठाला वाजवला. वाचनाला वाजवला तर पांडुरंग रागावणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी. एकाएकी टीव्ही फोडा, असे आम्ही म्हणत नाही. असले वैराग्य तीन दिवस टिकते. एका एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंत, पंधरा दिवसांचा नेम धरा. बातमी दिवसातून एकदाच, सकाळी, वर्तमानपत्रातून वाचा किंवा आकाशवाणीवर ऐका. वाचलेले थांबते, पडताळता येते, नको तेव्हा घडी घालून ठेवता येते. दिवेलागणीला मात्र पडदा बंद. आधी हरिपाठ, मग २५ ओव्या. मोबाईलवरही त्याच वाहिन्या शिरतात, तेव्हा तोही त्या वेळी देवळीत ठेवा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मागे राहू नये. घरातले शाळकरी पोर मोठ्याने वाचील, आजीबाई ऐकतील. पोराला अक्षर येते, अर्थ येत नाही. आजीला अक्षर येत नाही, पण जन्मभराच्या कीर्तनांनी अर्थ कानांत मुरलेला असतो. ते चुकले की ती अडवील. अक्षर नातवाचे आणि अर्थ आजीचा, असे मिळून एक वाचन पुरे होते. टीव्हीपुढे हे दोघे एका खाटेवर बसूनही एकमेकांशी बोलत नव्हते, हेही ध्यानात घ्या. आणि पोथीशिवाय इतर पुस्तकेही घरात येऊ द्या. तुकडोजी महाराजांची १९५५ ची ग्रामगीता घ्या, संतांची आणि देशसेवकांची चरित्रे घ्या, शेतीचे, आरोग्याचे, शास्त्राचे पुस्तक घ्या. गाडगेबाबांना लिहितावाचता येत नव्हते. पण जेवायचे ताट मोडले तरी चालेल, पोराला शाळेत घाला, हा त्यांचा उपदेश गावोगाव घुमला. ज्याला राज्यकारभार समजून घ्यायचा आहे त्याने राज्यघटनेचे मराठी पुस्तक आणून वाचावे. महिनाभर बातम्यांतली भांडणे ऐकून जे कळत नाही, ते दहा पाने वाचून कळेल, आणि मतही शहाणपणाने देता येईल.

पहिले चार दिवस जड जातील. सातच्या ठोक्याला हात रिमोटकडे जाईल, जगात काही मोठे घडून जाईल आणि आपण मागे राहू असे वाटेल. त्या वेळी मनाला सांगावे, जे खरोखर मोठे आहे ते सकाळी कळेलच. आणि सकाळपर्यंत जे विझून जाईल, त्यासाठी रात्र का जाळावी?

पंढरीच्या वाटेवर आपण चालतो तेव्हा बातम्या कोणी विचारीत नाही. पुढचा मुक्काम कुठला, पाणी कुठे मिळेल आणि कोणाचा पाय सुजला, एवढ्यावर दिवस जातो. आणि तेवढ्या दिवसांत देश काही बुडत नाही, आपले चित्त मात्र निवते. ते निवलेले चित्त घरी परतल्यावरही टिकावे, हीच या नेमातली सारी धडपड आहे. माउलींनी आपल्याला डोळे दिले ते अक्षरांच्या रूपाने. ते उघडण्याची बुद्धी पांडुरंग आम्हा आंधळगावकरांना देवो, तुम्हा सर्वांना देवो, आणि घरोघरी दिवेलागणीला पुन्हा पोथीचे पान उलटो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!